आजीला पाय आहेत!

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धाकट्या बहिणीने आईच्या गळ्यात मिठी मारली, तेव्हा दोघींचेही डोळे भरून आले. आम्ही आणि सौ. सामान सांभाळत बाजूला उभे होतो. चार वर्षांची भाची मात्र आजीच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली, आजीच्या चपलांकडे. आजीने दोन्ही हात पुढे केले तरी ती हलेना. शेवटी तिने सात वर्षांच्या भावाला कोपराने ढोसले आणि मोठ्याने म्हणाली, "दादा, आजीला पाय आहेत!"

आम्ही पोट धरून हसलो. गाडीत बसल्यावर मात्र त्या वाक्याचा अर्थ ध्यानात आला. ही पोर २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत तिकडेच जन्मली. जन्मल्यापासून तिने आजी पाहिली ती फोनच्या काचेत, कपाळापासून हनुवटीपर्यंत, फार तर खांद्यापर्यंत. त्याच्या खालीही आजी असते, हे तिला कोण सांगणार?

ही गोष्ट २०२४ सालच्या जून महिन्यातली. आमची बहीण परिचारिका. २०१६ साली तिला लंडनच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. मेहुणे विमानतळाजवळच्या गोदामात काम करतात. आम्ही पडलो कारकून माणूस. साठवलेली अर्जित रजा, पतपेढीचे थोडे कर्ज आणि बहिणीने आईसाठी पाठवलेले तिकीट, एवढ्या जोरावर आमचा तीन आठवड्यांचा प्रवास घडला. राणीचा म्हणून आपण ऐकत आलो तो राजवाडा पाहिला, मोठ्या घड्याळाचा मनोरा पाहिला. त्यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. आम्ही इथे सांगणार आहोत ते त्या दोन लेकरांच्या तोंडून ऐकलेले लंडन.

बहिणीचे घर हाउन्स्लो भागात. विमाने हीथ्रोला उतरताना इथल्या घरांवरून इतकी खाली येतात की पोटाखालची चाके स्पष्ट दिसतात. आमच्या चेंबूरच्या चाळीतली पोरे विमान दिसले की ओरडत गॅलरीत धावतात. ही दोघे मानसुद्धा वर करीत नाहीत. त्यांना कौतुक दुसऱ्याच गोष्टींचे.

घड्याळाचीच गोष्ट घ्या. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. बहिणीची ड्युटी संपून तिचा फोन यायचा तो तिकडच्या रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे साडेबारा वाजलेले. आई तोवर डोळे ताणून जागी. भाचा पाच वर्षांचा असताना कोणीतरी त्याला सांगितले की आजीकडे आता उद्याचा दिवस लागला. तेव्हापासून फोन लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आजी, उद्या कसा आहे?" आईही गंभीरपणे सांगायची, "बरा हाय बाळा. भिऊ नगंस, ये तू बी."

आम्ही पोहोचण्याआधी या भाच्याने शाळेत एक गोंधळ घालून ठेवला होता. घरी पाहुणे येणार म्हणून स्वारी खुशीत. वर्गात उभे राहून त्याने सांगितले की माझा मामा इंडियातून येणार आहे आणि त्याला मोठ्या मिशा आहेत. आता इंग्रजीत 'मामा' म्हणजे आई! वर्गात खसखस पिकली. शाळा सुटल्यावर बाईंनी बहिणीला बाजूला घेऊन फार हळुवारपणे विचारले की घरी सगळे ठीक आहे ना. पुढे आम्ही स्वतः त्याला आणायला शाळेच्या फाटकावर गेलो, तेव्हा बाई आमच्या मिशांकडे पाहून ओळखीचे हसल्या.

शब्दांचा असा गोंधळ मग रोजचाच झाला. आई खुर्ची पुढे करून म्हणाली, "बस," की भाची खिडकीकडे पळायची. तिला रस्त्यावर लाल बस बघायची असायची. आई गोष्ट सांगताना दम घ्यायला थांबली आणि आम्ही म्हणालो, "मग?" की ती स्वयंपाकघरातून चहाचा मग घेऊन हजर. आई चाळीतल्या शेजारणीला फोनवर सांगत होती, "माझी सून बी संगं आलीय." भाची जवळ येऊन म्हणाली, "आजी, सून म्हणजे कधी?" इंग्रजीत 'सून' म्हणजे लवकरच. सौ. म्हणाली, "आले गं बाई, लग्नाला वीस वर्षं झाली!"

एके दिवशी ठरले की थेम्स नदीवरचा पूल बघायला जायचे. टॉवर ब्रिज म्हणजे तो १८९४ साली बांधून झालेला, दोन मनोऱ्यांचा पूल. मोठे जहाज आले की त्याचा मधला रस्ता दोन्ही बाजूंनी वर उचलला जातो. सकाळी निघताना बघतो तर भाचीची पिशवी टम्म फुगलेली. उघडली तर आत पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि हवेचे कडे. आजी 'पूल' म्हणाली ना, आणि पूल म्हणजे पोहण्याचा तलाव! तिची समजूत घालता घालता अर्धा तास गेला. पण तो अर्धा तास कारणी लागला, कारण आम्ही पोहोचलो आणि त्याच वेळी पुलाचा रस्ता मधून दुभंगून हळूहळू वर उचलला जाऊ लागला. आम्ही शहाणी माणसे फोटो काढण्याच्या नादात. भाची आजीचा पदर ओढून म्हणाली, "आजी, बघ, पुलाला जांभई आली!" पुलाचे याहून चांगले वर्णन आम्हांला सुचणार नाही.

जूनमध्ये तिकडे रात्री सव्वानऊच्या सुमारास सूर्य मावळतो. आईची जुनी शिस्त, दिवेलागण झाल्याशिवाय रात्रीचे जेवण नाही. लेकरे मात्र आठ वाजता, भर उजेडात, पडदे ओढून झोपायला जाणारी. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "दिवं लागू दे, मग जेवू." भाचा विचारात पडला. मग म्हणाला, "आजी, विंटरमध्ये चार वाजता डार्क होतो. मग आपण स्कूलमधून आलो की लगेच रात्रीचा जेवायचा?" डिसेंबरात तिथे खरोखरच दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. आईकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून तिची शिस्त लंडनपुरती रद्द झाली.

भाचीची शंका निराळी. आई म्हणाली, "ती खुर्ची घे." पोरीने विचारले, "खुर्ची मुलगी आहे?" आई म्हणाली, "व्हय, ती खुर्ची." "आणि दरवाजा?" "तो दरवाजा." "म्हणजे मुलगा. आणि टेबल?" "ते टेबल." भाचीने थोडा विचार केला. घरात 'ते' कोणाला म्हणतात? "टेबल बाळ आहे!" एवढे म्हणून ती खुर्चीवरून उठली आणि खाली बसली. मुलीवर बसायचे नाही, असा तिचा कायदा. दोन दिवस तो आम्ही सर्वांनी पाळला.

भाचा आकड्यांत अडकायचा. अठ्ठावीसपर्यंत कसाबसा यायचा आणि पुढे म्हणायचा, "वीस-नऊ." इंग्रजीत तसेच आहे, आधी वीस आणि मग नऊ. आईने समजावले की एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी. त्यावर तो म्हणाला, "मराठी लोक आधी तीसच्या घरी जातात आणि मग एक पाऊल परत येतात?" आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जन्म आकडेमोडीत गेला, पण हे कधी मनात आले नव्हते.

इथवर सगळे हसण्यासारखेच होते. पुढचे सांगताना मात्र आम्हांला थोडे अवघड वाटते.

दुसऱ्या रविवारी बहिणीकडे चार-पाच मराठी कुटुंबे जेवायला आली. गप्पा रंगल्या. आम्हीच भाच्याला हाक मारली आणि म्हणालो, "अठ्ठावीसच्या पुढे काय रे?" तो म्हणाला, "वीस-नऊ." सगळे हसले. तोही हसला. मग कोणीतरी विचारले, आज काय केलेस? तो म्हणाला, "मी अभ्यास करला, मग पार्कमध्ये जालो." पुन्हा हशा. एका पाहुण्याने फोन काढला आणि म्हणाला, "परत बोल, परत बोल, गावाला पाठवतो." भाच्याने एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले. नंतर तो जिना चढून वर गेला. जेवायलासुद्धा खाली आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आमच्याशी मराठी सोडली. आम्ही काही विचारले की उत्तर इंग्रजीत, तेही एका शब्दात. आम्हांला ते कळायचे, सौ.ला कळायचे. आईला कळत नव्हते. ती सात समुद्र ओलांडून आली होती नातवाशी बोलायला, आणि नातू तिच्यासमोर गप्प बसला होता. ती "भूक लागली का?" म्हणायची आणि तो नुसती मान हलवायचा. तीन आठवड्यांतले चार दिवस असे गेले.

चौथ्या रात्री आई आम्हांला म्हणाली, "त्याला हसलास ना, म्हणून त्याचं तोंड मिटलं."

आम्ही म्हणालो, "आई, आम्ही कौतुकाने हसलो. तुलाही तो इस्कूल म्हणतेस म्हणून हसतो की. तू कुठे गप्प बसलीस?"

ती म्हणाली, "माझी जीभ आता निबर झालीय. त्याची कवळी हाय. आन् तू तरी इसरलास व्हय? तुला 'पानी' म्हनला म्हून शाळंत हसले व्हते. आठ दिस गेला न्हाईस शाळंला."

आम्ही विसरलो नव्हतो. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून मुंबईला आलो तेव्हा आम्ही तिसरीत होतो. धडा मोठ्याने वाचताना 'पानी' म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. घरात जे बोलत होतो, आई जे बोलत होती, तेच बोललो होतो. पुढे वर्षभर आम्ही वर्गात हात वर केला नाही. पदवी झाली, नोकरी लागली, वस्तीच्या कामात शेकडो सभांतून बोललो. अजूनही माईकसमोर तो शब्द आला की जीभ क्षणभर थबकते आणि 'ण' नीट बसला का ते तपासून पुढे जाते. हे ज्याला ठाऊक, त्याच माणसाने सात वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर उभे केले होते!

परत आल्यावर वाचनालयात बसून आम्ही या विषयावर थोडे वाचले. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को नावाच्या संशोधक बाईंनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याचे नाव 'वग' असे मनानेच ठेवले आणि विचारले की असे दोन असतील तर काय म्हणाल? मुलांनी बरोबर अनेकवचन करून दाखवले. तो शब्द तर त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे मूल नुसते पोपटासारखे बोलत नाही. ऐकलेल्या भाषेतून ते आपले आपण नियम काढते. आता आमच्या भाच्याचे बघा. 'बसला', 'पडला', 'धरला', मग 'करला' का नाही? नियम त्याने बरोबर काढला. तो नियम 'कर' या क्रियापदाला लागत नाही, हा दोष त्याचा की आपल्या मराठीचा? आपल्याकडची दोन-अडीच वर्षांची पोरेही 'करलं' म्हणतात. मग चार माणसांत ऐकून ऐकून ती 'केलं' शिकतात. त्या पोराला मात्र ऐकायला चार माणसे नाहीत, दोनच आहेत, आणि त्यातली एक रात्रपाळीला जाते.

दोन भाषांनी मूल गोंधळते, बोलायला उशीर करते, असा समज पुष्कळ घरांत आहे. बहिणीलाही सुरुवातीला कोणीतरी तसेच सांगितले होते, म्हणून तिने भाचा शाळेत जाऊ लागल्यावर घरातली मराठी कमी केली होती. अभ्यासकांचे म्हणणे तसे नाही. मूल दोन भाषांची सरमिसळ करते तो शिकण्याचाच एक भाग असतो, आणि घरची भाषा चालू ठेवल्याने बाहेरच्या भाषेचे काही बिघडत नाही. त्याच्या शाळेतल्या बाईंनीही बहिणीला हेच सांगितले, की घरी तुमचीच भाषा बोला, इंग्रजी आम्ही शिकवतो.

आता राहिली त्या अबोल्याची गोष्ट. परतीच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे १० किंग हेन्रीज रोड येथे गेलो. चॉक फार्म स्थानकावर उतरायचे आणि चालत जायचे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. शांत रस्ता, आजूबाजूच्या घरांसारखेच एक घर, भिंतीवर निळी गोल पाटी. आई पाटीसमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

भाचीने विचारले, "इथे कोण राहतं?" बहीण म्हणाली, "बाबासाहेब राहत होते." पोर आपल्या वडिलांना 'बाबा' म्हणते. तिने एकदा मेहुण्यांकडे पाहिले, एकदा घराकडे. "हे कोणाचे बाबा?" आई म्हणाली, "आपल्या समद्यांचे." भाची खूश झाली. "म्हणजे मला दोन बाबा!"

भाचा इतका वेळ गप्प होता. बहीण त्याला सांगत होती की बाबासाहेब इथे शिकायला आले होते, दिवसभर अभ्यास करीत होते. पुढे १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही फार मोठी पदवी त्यांना मिळाली. तो ऐकत होता. मग आजीजवळ गेला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मराठीत बोलला, "आजी, इथे ते मराठी कोणाला बोलले?"

'कोणाशी' म्हणायला हवे होते. आमच्या ओठांवर आलेला शब्द आम्ही गिळला. कोणीही हसले नाही.

आई म्हणाली, "पत्रं लिवत व्हते बाळा. रमाईला लिवायचे."

"फोन नव्हता?"

"न्हवता."

"मग रमाईचा फेस पण नाही दिसला?"

"न्हाई दिसला."

तो थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिला. मग त्याने आजीचा हात धरला. तिथून स्थानकापर्यंत आणि गाडीत घरापर्यंत तो तिच्याशी बोलत होता. किती चुका केल्या ते आम्ही मोजले नाही.

उरलेल्या दिवसांत त्याने आजीकडून बरेच उचलले. निघताना विमानतळावर आईला ठसका लागला. तो धावत जाऊन बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "आजी, पानी पी." बहीण सवयीने म्हणाली, "पानी नाही, पाणी." आई आमच्याकडे बघत होती. आम्ही बहिणीला म्हणालो, "राहू दे. आपल्या आईचाच शब्द आहे."

आता आम्ही परत आलो आहोत. फोन पूर्वीसारखाच रात्री साडेबाराला येतो. भाचा विचारतो, "आजी, उद्या कसा हाय?" भाची मात्र आता चेहऱ्यावर समाधान मानत नाही. बोलणे संपता संपता तिची मागणी असते, "आजी, पाय दाखव." मग आई फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते, दोन पावले मागे जाते आणि लुगडे थोडे वर धरून उभी राहते.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या वस्त्यांतूनही आता मुले-मुली नोकरीनिमित्त दूरदेशी जाऊ लागली आहेत. आणि नाही गेली तरी नातवंडे इंग्रजी शाळेत आहेतच. त्यांनाही एकोणतीस येत नाही, तीही 'करला' म्हणतात, आणि आपण पाहुण्यांसमोर त्यांना परत परत बोलायला लावतो. हसू आले तर जरूर हसा, लेकरे गोडच बोलतात. फक्त ते लेकरूही आपल्याबरोबर हसते आहे ना, एवढे बघा. ते जर इकडेतिकडे तोंडे बघू लागले असेल, तर तिथेच थांबा, आणि त्याला दुसरे काहीतरी विचारा.